गाणाऱ्या मुलींची सहल

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

कामं आटोपून बसला असाल, किंवा हात कामात असतील आणि कान इकडे असतील. दोन्ही चालेल. आज मला गाण्याबद्दल बोलायचंय आणि देवळांबद्दलही. देऊळ डोळ्यांनी बघायचं आणि भजन कानांनी ऐकायचं, अशी आपण वाटणी करून ठेवली आहे. पण ज्यांनी जुनी देवळं, लेणी, चर्च बांधली, त्यांनी ही वाटणी केली नव्हती. आपण बांधतोय तिथं माणसं एकत्र बसून गाणार आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. हे मला माझ्या वर्गातल्या मुलींबरोबर फिरताना नीट उमगलं. त्या सहलीची ही गोष्ट आहे.

मी मुंबईत परळला संध्याकाळी मुलींचा समूहगानाचा वर्ग घेते. आठवीपासून कॉलेजपर्यंतच्या अठरा मुली आहेत. लालबाग, परळ, काळाचौकी इथल्या चाळींमधल्या. बहुतेकींचे आजोबा कापड गिरणीत होते. १९८२चा संप झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, आणि घराचा भार बायकांनी पोळी-भाजीवर, शिवणावर, धुण्याभांड्यांवर उचलला. अशा घरातल्या या पोरी. गळे मात्र खणखणीत. आजोबांची भजनं ऐकतच वाढलेल्या. कोकणातली डबलबारी भजनं गिरणगावात किती रंगायची, ते तुमच्यापैकी ज्यांचं माहेर किंवा सासर तिकडचं आहे त्यांना सांगायला नको.

एकदा एका सहल कंपनीचं पत्रक आमच्याकडे आलं. गाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी इटलीची दहा दिवसांची सहल. युरोपात ही जुनी रीत आहे. शाळा-कॉलेजांचे गायकवृंद सुट्टीत दुसऱ्या देशात जातात, तिथली जुनी चर्च बघतात, भिंतींवरची चित्रं बघतात आणि परवानगी मिळाली तर त्याच छताखाली उभं राहून गातात. नुसतं बघून परत येत नाहीत. पत्रकावर मोठ्या घुमटाचं चित्र होतं. अठरा पोरी त्याच्यावर अशा ओणवल्या, की कागद फाटायचाच राहिला.

त्या चित्रातल्या जागा खरोखरच बघण्यासारख्या आहेत, ते आधी सांगते. व्हेनिस हे पाण्यातलं शहर. तिथं सेंट मार्कचं मोठं चर्च आहे, आतून सोनेरी काचतुकड्यांनी मढवलेलं. त्यात गायक-वादकांसाठी समोरासमोर उंचावर सज्जे आहेत. सोळाव्या शतकात तिथले संगीतकार गायकांचे दोन गट करायचे. एका गटानं ओळ घ्यायची, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. जोवान्नी गॅब्रिएली नावाचा संगीतकार तर अशा रचनांसाठी प्रसिद्धच झाला. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगी पटकन म्हणाली, “बाई, हे तर वारकऱ्यांसारखं झालं.” खरंच की! आपले टाळकरी दोन रांगा करून समोरासमोर उभे राहतात, एक रांग चरण म्हणते, दुसरी उचलून धरते. मधे विणेकरी. हजारो मैलांवरच्या दोन मुलखांतल्या माणसांना गाण्याची एकच युक्ती सुचली होती.

फ्लॉरेन्स शहरातल्या चर्चचा घुमट ब्रुनेलेस्की नावाच्या कारागिरानं उभारला. आतून सुमारे ४५ मीटर रुंद. १४३६ साली त्या चर्चचा अर्पणविधी झाला, तेव्हा दुफे या संगीतकारानं त्या दिवसासाठी खास गाणं रचलं होतं. म्हणजे इमारतीच्या उद्घाटनाला नारळ, फीत यांच्या जोडीला नवं गाणं! आणि रोममधलं सिस्टाइन चॅपेल. त्याच्या छतावर मायकेलँजेलोनं १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं खपून चित्रं काढली. लोक मान वर करून छत बघतात, पण त्याच खोलीच्या एका भिंतीत गायकांसाठी संगमरवरी सज्जा कोरलेला आहे, तिकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. त्या सज्जातून शतकानुशतकं फक्त पुरुष आणि लहान मुलगे गात आले. २०१७ साली सेसिलिया बार्तोली ही इटलीची मोठी गायिका त्या वृंदाबरोबर गायली, तर ती जगभर बातमी झाली. बाईनं देवाच्या घरात बसून मोकळ्या गळ्यानं गावं, ही गोष्ट तिकडेही सहज मिळालेली नाही.

मुंबईचे गायक असे परदेशी गेलेच नाहीत असंही नाही. व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ साली मुंबईत एक गायकवृंद उभा केला, परंज्योती अकॅडमी कोरस. १९६७ साली परंज्योती गेले आणि धुरा कूमी वाडिया यांच्याकडे आली. पारशी घरातल्या या बाईंनी पुढे कित्येक वर्षं तो वृंद चालवला. पाश्चात्त्य संगीताबरोबर भारतीय गाणी समूहासाठी बसवली आणि मुंबईची ही मंडळी घेऊन त्या युरोपात अनेकदा गाऊन आल्या. साठ वर्षांपूर्वी वृंदापुढे उभं राहून हात हलवणारी बाई ही गोष्ट नवलाचीच होती. माझ्या मुलींना हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे आणखी मोठे झाले.

मग पत्रकाचं काय झालं? एका मुलीचा खर्च हा तिच्या घरच्या जवळजवळ वर्षभराच्या कमाईएवढा होता. पासपोर्ट तर अठरा जणींत एकीकडेही नव्हता. मी आयांची बैठक घेतली. पत्रक हातोहात फिरलं. एक आई लालबागला डबे करून देते. तिनं घुमटाचं चित्र निरखून बघितलं आणि मला विचारलं, “बाई, तिथं जाऊन पोरी काय बघणार?”

मी म्हटलं, “देवाची घरं. जुनी चित्रं, जुनं कोरीवकाम. आणि तिथं गातील.”

तिनं पत्रक परत दिलं. म्हणाली, “मग इथली बघून झालीत का?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. आणि अठरा जणींपैकी एकीनंही हो म्हटलं नाही. तेव्हा ठरलं की आधी इथली बघायची. चार रविवार, एक सोमवार सुट्टीचा, बसचं आणि लोकलचं तिकीट, डबे घरचे. खर्च एका मुलीमागे काही शे रुपये.

पहिला रविवार आमच्या परळचाच होता. वर्गापासून चालत जाण्याच्या अंतरावर बारादेवीचं मंदिर आहे. मुली त्या रस्त्यानं रोज जातात. १९३१ साली परळ भागात रस्त्याचं काम चाललं होतं. खोदताना एक प्रचंड शिळा निघाली, साडेतीन मीटरच्या आसपास उंच, म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी केली तरी वर थोडी उरेल. त्या एकाच दगडात शंकराच्या सात मूर्ती कोरलेल्या आहेत. मधे एक उभा शिव, त्याच्या खांद्यांमागून वर आलेला दुसरा, त्याच्याही वर तिसरा, आणि दोन्ही बाजूंना फांद्या फुटाव्यात तसे बाहेर झेपावणारे चौघे. जाणकार ही शिळा पाचव्या-सहाव्या शतकातली मानतात, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. लोकांनी ती देवळात नेली, तिची पूजा सुरू झाली, आणि ती तिथंच राहिली. तिची प्रतिकृती मुंबईच्या मोठ्या वस्तुसंग्रहालयात, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मूळ शिळा मात्र परळला, फुलं-हळदकुंकवाच्या सोबतीनं.

मुलींनी आधी सात शिव मोजले. मग एकीची नजर खाली गेली. शिवाच्या पायांशी बुटके, गुबगुबीत गण बसलेले आहेत आणि त्यांच्या हातात वाद्यं आहेत. ती म्हणाली, “बाई, खाली साथीदार बसलेत!” आणि सगळ्या गुडघ्यावर बसल्या. एवढा मोठा देव घडवताना कारागिरानं त्याच्या पायाशी साथसंगत बसवली होती. गाण्या-वाजवण्यावाचून देव पुरा होत नाही, असं त्याला वाटलं असणार. इतकी वर्षं आम्ही पाचशे पावलांवर गात होतो आणि हे साथीदार आम्हाला माहीत नव्हते.

दुसऱ्या रविवारी घारापुरी. गेटवेहून लाँच निघते, तासाभरात बेटावर. तुम्ही कधी जाल तर लक्षात ठेवा, सोमवारी लेणी बंद असतात, आणि वर चढायला शंभराहून जास्त पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी, सावकाश चढावं. मुख्य लेणं डोंगर आतून कोरून काढलेलं आहे. लांबी-रुंदी सुमारे ३९ मीटर. खांबांच्या रांगांतून आत गेलं की समोरच्या अंधारातून तीन मुखांचा सदाशिव हळूहळू दिसू लागतो. जवळजवळ २० फूट उंच. एक चेहरा शांत, एक उग्र, एक बाईसारखा कोमल. १९८७ साली युनेस्कोनं या लेण्यांना जागतिक वारशात घेतलं.

पुरातत्त्व खात्याच्या जागेत कार्यक्रम करायचा तर आधी परवानगी लागते, म्हणून आम्ही गायलो नाही. मी मुलींना डोळे मिटून नुसतं उभं राहायला सांगितलं. दुसऱ्या कोणाचं तरी लहान मूल लांब कुठंतरी हसलं, आणि ते हसू खांबाखांबांना लागून आमच्यापर्यंत आलं. एका मुलीनं अगदी हलकेच षड्ज धरला. श्वास संपून ती थांबली, तरी सूर क्षणभर तिथंच राहिला. ती दचकलीच. म्हणाली, “माझ्यामागून कुणी म्हटलं का?” दगड म्हणाला होता.

या बेटाला परदेशी लोक एलिफंटा म्हणतात ते तिथल्या दगडी हत्तीमुळे. तो हत्ती आता बेटावर नाही. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला होता. उचलताना हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे जोडले आणि आज तो भायखळ्याला, राणीच्या बागेशेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. परतताना आम्ही मुद्दाम त्याला भेटून आलो. त्याच्या अंगावरचे सांधे बघून एक मुलगी म्हणाली, “हा बिचारा परदेशी जाता जाता राहिला, आपल्यासारखाच.” सगळ्या हसल्या. पण मला वाटलं, न जाणंच बरं झालं त्याचं.

तिसरा रविवार दादरचा. सकाळी चैत्यभूमी. तुमच्यापैकी कितीतरी जणी ६ डिसेंबरला तिथं येऊन गेल्या असतील. बाबासाहेबांवर १९५६ साली जिथं अंत्यसंस्कार झाले, तिथं हा स्तूप आहे. ५ डिसेंबर १९७१ रोजी तो खुला झाला. तिथलं तोरण सांचीच्या तोरणासारखं आहे. सांचीचा स्तूप दोन हजार वर्षांहून जुना, आणि त्याची आठवण दादरच्या समुद्राकाठी. तिथं वंदना सुरू होती. कुणाच्या हातात पुस्तक नाही, पुढे कुणी मुख्य गायक नाही, सगळ्यांचा मिळून एक आवाज. माझ्या वर्गातल्या तीन मुलींना ती वंदना लहानपणापासून पाठ होती. त्या आपोआप मिसळल्या. एरवी वर्गात मागच्या ओळीत उभ्या राहणाऱ्या या तिघी त्या दिवशी बाकीच्यांना उच्चार शिकवत होत्या. पुढच्या आठवड्यापासून मी त्यांना पुढच्या ओळीत घेतलं.

दुपारी तिथून पोर्तुगीज चर्च. दादरकर सगळे त्याला याच नावानं ओळखतात. मूळ चर्च १५९६चं. आजची इमारत चार्ल्स कोरिया या वास्तुकारानं सत्तरच्या दशकात केली. काँक्रीटचे मोठे कवचासारखे घुमट, वर निमुळते होत जाणारे. गरम हवा वर चढून बाहेर जाते. बंद जागा आणि मोकळं अंगण यांची मिसळ अशी, की आत बसलं तरी कोंडल्यासारखं होत नाही. मुंबईच्या उकाड्यात माणसं तासभर बसून गाणार, तर त्यांना श्वास घ्यायला हवा हवी, एवढा साधा विचार त्यामागे आहे. एका मुलीनं विचारलं, “मग आपल्या वर्गाची खोली कुणी बांधली?” तिचं बरोबर होतं. आमच्या खोलीला एकच खिडकी आहे.

चौथ्या रविवारी गिरगाव. चर्नी रोडजवळ प्रार्थना समाज म्हणून बसथांबा आहे. रोज हजारो माणसं तिथं उतरतात, पण ते नाव कशाचं हे फार थोड्यांना ठाऊक. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज सुरू झाला. न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशी माणसं त्यात होती. त्यांनी मूर्ती ठेवली नाही, जात बघितली नाही, पण गाणं मात्र सोडलं नाही. त्यांच्या उपासनेत तुकोबांचे अभंग आले. देवळातून मूर्ती काढली तरी काय उरतं, असा प्रश्न कुणी विचारला, तर त्याचं उत्तर गिरगावात आहे. एकत्र बसून म्हणणं उरतं.

आणि सुट्टीच्या सोमवारी बोरिवलीजवळची कान्हेरी लेणी. आधी चौकशी केली होती की त्या दिवशी खुली आहेत. एका डोंगरात शंभराहून जास्त लेणी. कुठं पाण्याच्या टाक्या, कुठं भिक्षूंच्या निजायच्या दगडी ओट्या, आणि एक मोठं चैत्यगृह. भिंतींवर ब्राह्मी लिपीत लेख आहेत. कुणी लेणं दिलं, कुणी पाण्याची टाकी दिली, त्याची ती नोंद. त्या दात्यांमध्ये बायका आहेत, भिक्षुणी आहेत आणि संसारी बायकाही. कार्ल्याच्या लेण्यातही तसंच. मैत्रिणींनो, हे ऐकून मला तुमचे बचत गट आठवले. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी बाईनं आपले पैसे दिले आणि आपलं नाव दगडात कोरायला सांगितलं. देऊळ बांधायला बाईचे पैसे तेव्हाही चालत होते, आजही चालतात. मग देवळाबद्दल काही ठरवायचं असेल, तेव्हा बाई कुठं असते?

हा प्रश्न आमच्यापुढे लगेचच आला. आमच्यातली एक मुलगी रत्नागिरी जिल्ह्यातली, संगमेश्वराकडची. तिच्या गावच्या ग्रामदेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला होता. तुम्हाला माहीतच आहे, कोकणातल्या गावांची मुंबई मंडळं असतात. गावचं देऊळ गावात, पण पैसे मुंबईचे, म्हणून निर्णय परळ-लालबागच्या एखाद्या हॉलमध्ये. देवळाचा सभामंडप जुना, लाकडी कोरीव खांबांचा, वर कौलं. मंडळाचा बेत होता की सगळं पाडून स्लॅबचं बांधायचं, भिंतींना आणि खालीही चकचकीत फरशी. नकाशा तयार होता.

ही मुलगी आईला घेऊन सभेला गेली. त्या सभेत बाई बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दोघींना मागे खुर्च्या मिळाल्या. ती बोलली ते मला तिच्या आईनं सांगितलं. ती म्हणाली, “त्या मंडपात नमन होतं, भजन होतं, आमच्या आज्या फुगड्या घालत गाणी म्हणतात. लाकूड आणि कौलं आवाज पिऊन घेतात, म्हणून प्रत्येक शब्द कळतो. स्लॅब आणि फरशी झाली की आवाज नुसता आदळत राहील. मग माईक लागेल, स्पीकर लागेल. मग आम्ही गायचं कशाला, मोबाइलवर लावून ठेवलं तरी चालेल.”

कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, खांबांना वाळवी आहे. कुणी म्हणालं, शेजारच्या गावानं केवढं देखणं बांधलंय. तेव्हा एक म्हातारे गृहस्थ उठले. ते मृदंग वाजवायचे. ते म्हणाले, पोरगी बरोबर बोलते, शेजारच्या गावात मी वाजवलंय, तिथं थाप कुठं पडली तेच कळत नाही. मग गावच्या सुताराला बोलावून खांब तपासायचे ठरले. सुतारानं बघितलं, तर आठ खांबांपैकी दोनच खालून पोखरलेले निघाले. तेवढे पाय बदलले, वासे आणि कौलं दुरुस्त केली. पाडून बांधण्यापेक्षा ते बरंच स्वस्त पडलं.

सगळंच मनासारखं झालं असं नाही. उरलेल्या पैशांतून समोर सिमेंटची कमान झालीच, निळी-गुलाबी. पायऱ्यांना फरशीही बसली, पावसाळ्यात निसरडी होते. पण मंडप उभा आहे. गेल्या शिमग्याला ती मुलगी तिथं गायली, माईकशिवाय, आणि शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. आता मंडळाच्या सभेचा निरोप तिच्या आईलाही येतो. मला विचाराल तर आमच्या सहलीची खरी कमाई ही.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात कुठंतरी जीर्णोद्धाराची पावती पुस्तकं फिरत असतील. देशावर हेमाडपंती देवळं आहेत, चुना न वापरता दगडावर दगड बसवलेली. कुठं जुनी मशीद आहे, दर्गा आहे, विहार आहे, चर्च आहे. तेव्हा चार साध्या गोष्टी सांगते.

पहिली, काम सुरू व्हायच्या आधी तुमच्या गटातल्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये सगळ्या खांबांचे, मूर्तींचे, लेखांचे फोटो काढून ठेवा. एकदा रंग चढला की खाली काय होतं ते कुणी सांगू शकत नाही.

दुसरी, कोरीव दगडाला ऑइल पेंट लावू देऊ नका. तो दगडातली ओल आत कोंडून ठेवतो आणि नाक-डोळे बुजवून टाकतो. जुना रंग काढायला तारेचा ब्रश किंवा छिन्नीही नको, कोरीवकाम खरवडलं जातं. मऊ ब्रश, साधं पाणी, आणि पुढचं काम जाणकाराला विचारून. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटपेक्षा चुनाच मानवतो.

तिसरी, देऊळ सरकारच्या संरक्षित यादीत आहे का, ते आधी विचारा. असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. नसेल, तर ग्रामसभेत विषय घ्यायला लावा. ग्रामसभेत बोलायचा तुमचा हक्क आहे, तो कुणी दिलेली सवलत नाही.

आणि चौथी गोष्ट सगळ्यात सोपी. देवळात मधोमध उभ्या राहा आणि एकदा टाळी वाजवा. आवाज लगेच विरला, तर तिथं जलद चालीचं, टाळ-मृदंगाचं भजन शोभेल. लांब घुमत राहिला, तर सावकाश, एकसुरात म्हणा, मधे श्वासाला जागा ठेवा. तिकडच्या मोठ्या दगडी चर्चमध्ये पूर्वीपासून संथ गाणी का गातात, त्याचं एक कारण हेच आहे. घाईनं गायलं तर एक शब्द दुसऱ्यावर चढतो.

इटलीचं पत्रक आमच्या वर्गात अजून भिंतीवर लावलेलं आहे. दोघीतिघींनी पासपोर्टचे अर्ज भरलेत, एकीनं भिशी सुरू केली आहे. जाव्यातच त्यांनी, मला फार आनंद होईल. व्हेनिसच्या सज्जाखाली उभ्या राहिल्या की त्या दोन रांगा करतील आणि तिथल्या मुलांना आपली वारकऱ्यांची चाल शिकवतील, याची मला खात्री आहे. तोवर तुमच्या गावची कुणी बाई मुंबईला आली, तर तिला परळच्या बारादेवीला जायला सांगा. नमस्कार करून झाला की जरा वाकायचं आणि देवाच्या पायाशी बसलेले साथीदार बघायचे.

आणि या आठवड्यात तुमच्या भजनाच्या दिवशी पाच मिनिटं लवकर जा. दिवा लावायच्या आधी टाळी वाजवून बघा. काय ऐकू आलं, ते गटात एकमेकींना सांगा.